‘म्हणलं’ म्हणणाऱ्यांची बाजू

शुद्ध मराठीच्या रखवालदारांचा एक आवडता खेळ आहे. समोरच्याच्या तोंडून ‘म्हणलं’ निसटले की त्याला तेथेच अडवायचे आणि ‘म्हटलं’ वदवून घ्यायचे. चिखलीसारख्या गावात या खेळाला सावजांची वानवा नाही. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. तळवडे-चाकणच्या कारखान्यांमागोमाग खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण येथील माणसांनी या भागात बिऱ्हाडे थाटली. त्यांची मुले वर्गात तोंड उघडतात ती घरच्या भूतकाळासह, आणि लाल रेघ बहुधा त्या भूतकाळावरच ओढली जाते. आमचे म्हणणे असे, की या रेघेमागे अज्ञान आहे आणि ते मुलांचे नव्हे.

आधी नियमच पाहू. आणणे–आणले, विणणे–विणले, खणणे–खणले. या रांगेत ‘म्हणले’ निमूट उभे राहते. रांग मोडतो तो ‘म्हटले’. रंगणे–रंगले, पण सांगणे–सांगितले. वळणे–वळला, पण पळणे–पळाला. प्रमाण मराठी अशा अपवादांनी भरलेली आहे, आणि त्यात तिला लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र ‘सांगलं’ म्हणणाऱ्या मुलाला व्याकरण कळत नाही, असे कोणी म्हणू नये. त्याला नियम पुरता कळला आहे. शिक्षा होते ती नियम पाळल्याची.

हे अपवाद आले कोठून? संस्कृतातील कृत, गत, मृत प्राकृतात कय, गय, मय झाले. त्यांना ‘ल’कार चिकटून केला, गेला, मेला तयार झाले. ही रूपे टिकली ती शुद्ध होती म्हणून नव्हे, रोज जिभेवर होती म्हणून. मालवणीचा ‘इलो’ आणि अहिराणीचा ‘उना’ हीदेखील अशीच रोजच्या वापराने घडलेली रूपे. ती ‘आलो’, ‘आला’ यांची बिघडलेली नक्कल नव्हेत.

आता ‘झाला’ घ्या. त्याचे जुने रूप ‘जाला’. तुकोबांच्या गाथेत ते जागोजागी भेटते आणि गोव्याची कोंकणी आजही ‘जालें’ म्हणते. देहू चिखलीपासून हाकेच्या अंतरावर; खुद्द चिखलीत तुकोबांच्या नावाचे संतपीठ आहे. तरी याच परिसरातल्या एखाद्या मुलाने निबंधात ‘जाला’ लिहिले, तर त्याचा गुण कापला जाईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो तिच्या प्राचीनतेच्या आधारावर. ती प्राचीनता ताम्रपटावर असली की वंद्य आणि बोलीत असली की गावंढळ, हा कोणता न्याय?

आयरिश भाषेतही असाच पेच आहे. तिच्यात अनियमित क्रियापदे मोजून अकरा. ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा प्रमाण भूतकाळ ‘रिन्या’ असा उच्चारतात. दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतातले लोक मात्र ‘येन’ म्हणतात, आणि तेच रूप अधिक नियमित आहे. तेथे १९५८ साली सरकारी प्रमाणभाषा ठरली. पण मन्स्टरच्या माणसाला कोणी अडाणी ठरवत नाही. त्याचे रूप मन्स्टरचे रूप म्हणून शिकवले जाते.

यावर ठरलेला आक्षेप येईल : मग प्रमाणभाषाच नको काय? हवी. कायदा, पाठ्यपुस्तक, वृत्तपत्र यांना एक सामाईक रूप लागते, आणि ते गरिबाच्या मुलाला शिकवले नाही तर तोच मागे राहील. ‘म्हटले’ अवश्य शिकवा. पण ‘लेखनात असे रूढ आहे’ असे सांगून शिकवा. ‘तू बोलतोस ते चूक’ हे वाक्य तेवढे वर्गाबाहेर ठेवा. फळ्यावर दोन्ही रूपे शेजारीशेजारी लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो. ज्याची घरची भाषा पहिल्याच तासाला चूक ठरते, ते मूल भाषा सुधारत नाही. ते बोलायचे थांबते, आणि पुढे आपल्या आईला चारचौघांत बोलू देत नाही.

मराठी वाचवा म्हणून मोर्चे काढणाऱ्यांनी आधी या गप्प बसलेल्या मुलांची मोजदाद करावी.