खारट जमीन आणि चोपण जमीन

शेतात पांढरे फुटले की ‘जमीन खारावली’ असे म्हणून शेतकरी जिप्समची चौकशी करू लागतो, आणि पुष्कळदा विक्रेताही फारशी विचारपूस न करता पोती गाडीत चढवून देतो. माझ्या मते या खर्चाचा मोठा भाग पाण्यात जातो. त्याचे मूळ आपल्या बोलण्यातील एका शब्दात आहे. जेवणातले मीठ खारट, पापडात पडतो तो पापडखार, आणि जमीन नासते तीही क्षारांनीच! नाव एक, परंतु वस्तू भिन्न.

आम्लता मोजण्याच्या मापास सामू म्हणतात. त्यात ७ हा मध्य होय. लिंबाचा रस २ ते ३ च्या दरम्यान येतो, खाण्याचा सोडा ८ च्या किंचित वर, धुण्याचा सोडा ११ च्या आसपास, तर चुन्याची निवळी १२ च्याही पुढे जाते. मिठाचे शुद्ध पाणी मात्र ७ वरच राहते. तीव्र आम्ल व तितकाच तीव्र अल्क यांच्या संयोगाने ते झालेले असल्यामुळे दोघांचेही गुण त्यात उरत नाहीत. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, हे घरातील प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणाने. त्याच डागावर मीठ चोळून पाहावे. तो पिवळाच राहील.

जमिनीचेही असेच आहे. कृष्णा, नीरा, प्रवरेच्या कालव्यांखाली उसाला वर्षानुवर्षे भरमसाट पाणी दिल्याने भूजल वर येते व विरघळलेले क्षार पृष्ठभागी साठतात. ते मिठासारखे असतील तर सामू बहुधा ८.५ च्या आत राहतो, माती भुसभुशीत असते व पाणी मुरते. अशा जमिनीस जिप्सम नको. खोल चर काढून निचरा करावा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. चोपण जमिनीची गोष्ट वेगळी. तेथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर चढतो, ओली माती लोण्यासारखी चिकट व वाळली की दगड, आणि पाणी वरच तुंबते. येथे जिप्समच हवे, कारण त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते. तो सोडियम वाहून नेण्यास निचरा मात्र येथेही लागतोच. कोकणातील आंबट जांभ्या जमिनीला मानवणारा चुना येथे विरघळतच नाही, म्हणून तो घालणे व्यर्थ होय.

जिभेने माती चाखून निदान करण्याची रीत जुनी आहे, पण ती केवळ खारटपणा सांगते. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद अधिक सांगेल : पावसाच्या पाण्यात माती कालवून, वर आलेल्या निवळीत तो बुडवावा. स्पष्ट तांबूस झाला तर चोपणाचा संशय घ्यावा. तांबूस न झाला म्हणून निर्धास्त होऊ नये. क्षारयुक्त-चोपण हा तिसरा प्रकार फसवा आहे; ती जमीन जिप्समवाचून नुसती धुतली तर क्षार जातात, सोडियम उरतो आणि पुरती चोपण होते.

२०१५ पासून मिळू लागलेल्या मृद् आरोग्य पत्रिकेत सामू व विद्युत वाहकता हे दोन्ही आकडे असतात. पुष्कळजण खताचे रकाने तेवढे वाचतात. हे दोन आकडे एकत्र वाचावेत, आणि शंका वाटल्यास प्रयोगशाळेकडून विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण मागवावे. ते शेकडा १५ च्या वर असेल तरच जिप्समचा विचार करावा. एकरी किती घालावयाचे तेही त्याच तपासणीवरून ठरते.