भाऊ, पहिला नंबर कशाला टाकू?

सटाण्यात स्टँडजवळच्या गाळ्यात मी १४ वर्षं फॉर्म भरतोय. झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोलीस भरती आणि दहावीचा निकाल लागला की प्रवेश. त्या दिवसांत गाळ्यापुढे मोटरसायकल लावायला जागा उरत नाही. पोरगा पुढे, बाप मागे, बापाच्या हातात कागदांची पिशवी. ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो नेमका मळ्यात राहिलेला असतो. तो आणला, कागद जुळले, फोटो चढला की पसंतीक्रमाचा रकाना उघडतो आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघतात. ‘‘भाऊ, तुम्हीच टाका काहीतरी.’’

मी टाकतो. खोटं कशाला बोलू? मागे पंधरा जण ताटकळलेले असतात. एका मुलाच्या आयटीआयच्या अर्जात मी वायरमन पहिला टाकला, कारण आधीच्या दोघांनाही तोच टाकला होता, बोटांना सवय झाली होती. पहिला विकल्प मिळाला की तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. त्याला मिळाला. दिवाळीनंतर तो झेरॉक्स काढायला आला तेव्हा कळलं की शिडीवर चढलं की त्याचे पाय लटपटतात. मामाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मात्र हा पोरगा सुट्टीभर कॉम्प्रेसरपाशी बसायचा. रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड त्याच यादीत थोडा खाली होता. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. ती चूक अजून मला टोचते.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला, म्हणजे आमच्या तालुक्यातही आला. कॉलेजांचे दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. तिथेही तोच प्रश्न, फक्त दहा वेळा.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. अहवाल छान यायचा. ‘तांत्रिक’ आलेला मुलगा तो कागद घेऊन माझ्याकडेच यायचा, कारण तांत्रिक म्हणजे सकाळी उठून नक्की काय करायचं, ते कागदावर नव्हतं. पुढे २०२० मध्ये नववी ते बारावीसाठी महा करिअर पोर्टल आलं. त्यात माहिती भरपूर आहे. पण आत जायला सरल क्रमांक लागतो आणि तो क्रमांक शोधणं काही सरल नाही. पोर्टल उघडून शेजारी बसणारं माणूस तर कुठेच नाही.

माझी तक्रार इथेच आहे. अभ्यासक्रमांची नावं मुलांवर नुसती आदळतात, कामाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. अमेरिकेत सरकारच १९४९ पासून एक जाडजूड पुस्तक काढतं, आता ते इंटरनेटवर आहे. शेकडो व्यवसाय, आणि प्रत्येकाखाली तेच साधे प्रश्न: हा माणूस दिवसभर काय करतो, कुठे बसतो, किती शिकावं लागतं, पगार किती, पुढची दहा वर्षं हे काम राहणार का. आपल्याकडेही २०१५ ची राष्ट्रीय व्यवसाय वर्गवारी आहे, पण ती खात्यांच्या सोयीची. ती वाचून एखाद्या पोराचे डोळे चमकलेले मी तरी पाहिले नाहीत.

आमच्या बागलाण तालुक्यातली पोरं काय बघत वाढतात ते बघा. तेल्या रोगानं डाळिंबाच्या बागा गेल्या. लावलेली झाडं बापाला जेसीबीनं उपटताना ज्यांनी बघितलं, त्या मुलांना तेल्या एका जिवाणूमुळे होतो हेही बऱ्याचदा माहीत नसतं. मग त्या जिवाणूचा अभ्यास करणं हा कुणाचा तरी पोटापाण्याचा उद्योग आहे, हे कुठून कळणार? बारावी सायन्स, सीईटी, चार वर्षांची बीएस्सी कृषी, पुढे वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी. डाळिंबाचा भगवा वाण ज्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं दिला, तिथे हे शिकता येतं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे. कांद्याच्या बाबतीतही तसंच. लासलगावला अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प २००२ पासून आहे, तिथेही माणसंच काम करतात. ठिबकची आखणी करणारा, पान-देठ तपासणारी, पॅकहाउसचा सुपरवायझर, निर्यातीचे कागद करणारा, ही सगळी कामं आपल्या बांधापासून तासा-दोन तासांवर चालतात. पोरांना मात्र ठाऊक असतात डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस आणि तहसीलदार.

तहसीलदाराबद्दल तर आमच्या गावाला दोषच देता येणार नाही. आमचं ग्रामदैवतच महसूल खात्यातलं! यशवंतराव महाराज इथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना रयतेला वाटला आणि लोकांनी त्यांना देवमामलेदार केलं. त्या देवळात हात जोडून आई लेकराला म्हणणारच, ‘‘साहेब हो.’’ मीही जोडतो. फक्त एमपीएससीच्या अभ्यासात तिशी गाठलेली पोरं माझ्याकडे पुन्हा तोच अर्ज भरायला येतात, तेव्हा पैसे घेताना हात आखडतो.

माझं मागणं मोठं नाही. आठवी-नववीत आठवड्याला एक तास द्या. त्या तासाला वेल्डर, नर्स, ठिबकवाला, माती तपासणारी बाई यांना बोलवा. मार्गदर्शक वक्ते नकोत, त्यांच्या यशाच्या गोष्टी मुलांच्या डोक्यावरून जातात. वेल्डरनं डोळ्यांना काय त्रास होतो तेही सांगावं, नर्सनं रात्रपाळीचं सांगावं. मुलांनी ते लिहून घ्यावं, आणि दोन-तीन वर्षांत तालुक्याचं स्वतःचं कामांचं पुस्तक तयार होईल. ते शाळेत, ग्रामपंचायतीत आणि माझ्या काउंटरवर ठेवा. जूनमध्ये पिशवी घेऊन आलेल्या बापाला मी आधी त्याची पानं उलटायला लावीन.

सुरुवात यात्रेतही करता येईल. मार्गशीर्षात एकादशीला देवमामलेदारांची यात्रा सुरू होते, सगळा तालुका येतो, पाळणे लागतात, आणि दहावीनंतरच्या प्रवेशाच्या फॉर्मला तेव्हा अजून सहा महिने असतात. पाळण्यांशेजारी एक मांडव टाकायचा, त्यात ही पाच-सहा माणसं बसवायची. जागेसाठी अर्ज लागत असेल तर तो मी भरून देतो, प्रिंटचेही पैसे घेणार नाही.