कुकरला जो नियम, तो बातमीला का नाही?

प्रति,
मा. मंत्री, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, तसेच
संसदेच्या दळणवळण व माहिती तंत्रज्ञान स्थायी समितीचे सर्व सदस्य,
नवी दिल्ली.

महोदय, महोदया,



जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षण नियम काढले. त्यात एक छोटेसे पोटकलम आहे. इतरांचा माल विकणाऱ्या संकेतस्थळाने कुठली वस्तू यादीत वर आणि कुठली खाली हे कोणत्या मुख्य निकषांवर ठरते, त्यातल्या कशाला किती महत्त्व दिले जाते, हे साध्या भाषेत आणि सगळ्यांना सहज सापडेल असे लिहून ठेवायचे. म्हणजे प्रेशर कुकर शोधताना अमुकच कुकर आधी का दिसतो, हे कळण्याची सोय कायद्याने केली आहे. निवडणुकीच्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर एकाच नेत्याची भाषणे एकामागून एक का येतात, हे कळण्याची सोय मात्र नाही.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पैसे घेऊन वर आणलेल्या मजकुरावर तशी खूण करायला सांगितले, तेही ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या कंपन्यांना. ठीकच झाले. पण पैसे न घेता, आमच्या सवयी पाहून जे वर आणले जाते, त्याच्या निकषांबद्दल हे नियम गप्प आहेत. आणि लोक दिवसभर पाहतात ते मुख्यतः तेच. यूट्यूबवर लोक जितका वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमधून आलेल्या व्हिडिओंवर जातो, असे त्या कंपनीच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१८ मध्ये सांगितले होते.

कंपन्यांचा बचाव ठरलेला आहे: अल्गोरिदम हे आमचे व्यापारी गुपित. पण कोड मागतोय कोण? मार्च २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या शिफारस यंत्रणेचा बराचसा कोड गिटहबवर टाकला. प्रोग्रामर मंडळींनी तो हौसेने चाळला. बाकीच्यांच्या पदरात काही पडले नाही. शिवाय यंत्रणेला ज्या डेटावर शिकवले तो डेटा त्यात नव्हताच.

आम्हाला हवे आहे ते वेगळे. एक उदाहरण देतो. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या क्रमवारीत इमोजीने दिलेल्या प्रतिसादाला साध्या लाइकच्या पाचपट वजन होते, आणि त्यात संतापलेला चेहराही होता. लोकांना चिडवणारी पोस्ट त्यामुळे आपोआप वर सरकत असे. पुढे कंपनीनेच रागाचे वजन शून्यावर आणले. हे सगळे आपल्याला कळले २०२१ मध्ये, कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आल्यावर. एका ओळीत सांगता येण्यासारखी ही माहिती होती. तिच्यासाठी एका कर्मचाऱ्याला नोकरी सोडून कागद बाहेर काढावे लागले.

त्याच कागदपत्रांत भारताचेही एक प्रकरण आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये फेसबुकच्या एका संशोधकाने भारतीय वापरकर्ता म्हणून नवे खाते उघडले आणि फेसबुक सुचवेल तेवढेच पाहायचे ठरवले. पुलवामाचा हल्ला त्याच दिवसांतला. तीन आठवड्यांत ते खाते खोट्या बातम्या, द्वेष आणि मृतदेहांच्या छायाचित्रांनी भरून गेले. ही चाचणी कंपनीने स्वतःपुरती केली, निष्कर्ष स्वतःपाशी ठेवले. आपल्या विद्यापीठांतल्या अभ्यासकाला असाच अभ्यास करायचा असेल तर त्याला डेटा मिळण्याचा कायदेशीर मार्ग आज नाही.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने तो मार्ग काढला आहे. शिवाय कंपन्यांनी शिफारशींचे मुख्य निकष सेवाशर्तींत सोप्या भाषेत सांगायचे. युरोपात महिन्याला साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते असतील तर व्यक्तीची कुंडली न मांडता चालणारा किमान एक पर्याय द्यायचा. नियम मोडला तर जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. चीननेही मार्च २०२२ पासून वैयक्तिक शिफारशी बंद करण्याची मुभा वापरकर्त्यांना दिली. मात्र तिथे कंपन्या अल्गोरिदमची नोंदणी सरकारदरबारी करतात. सरकारला सगळे दिसणे आणि लोकांना दिसणे यांत फरक आहे, आणि माझी खरी धास्ती इथेच आहे.

निकष तपासण्याचे काम मंत्रालयाने स्वतःकडे घेऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली निघणारे मजकूर रोखण्याचे आदेश आजही गोपनीय असतात. ज्याचे आदेश झाकलेले, त्याच्याच हाती क्रमवारीची दोरी गेली तर पारदर्शकतेच्या नावाखाली कुणाची पोच वाढली आणि कुणाची घटली, हे आम्हाला कधीच कळणार नाही. तपासणी संसदेला उत्तरदायी असलेल्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्या. एखाद्या पोस्टची पोच सरकारी सांगण्यावरून कमी केली असेल, तर तेही निकषांच्या यादीत लिहिणे बंधनकारक करा.

मार्च २०२३ मध्ये बंगळुरूत डिजिटल इंडिया कायद्याची रूपरेषा मांडली गेली, तेव्हा अल्गोरिदमची पारदर्शकता हा मुद्दा तिच्यात होता. त्या कायद्याचा मसुदा पुढे लोकांसमोर आलाच नाही. नवा कायदा लांबणार असेल तर तोवर २०२० च्या त्या पोटकलमात ‘वस्तू आणि विक्रेते’ आहेत तिथे ‘बातम्या, व्हिडिओ आणि पोस्ट’ घालून ते २०२१ च्या नियमांत आणता येईल का, हे विधी खात्याला विचारून पाहावे.

आणि ही माहिती मराठीत मिळावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत मिळण्याची तरतूद केलेलीच आहे. निकषांसाठी वेगळे काही शोधायला नको. मसुदा निघेल तेव्हा तोही मराठीत काढावा, आणि त्यावरच्या हरकती मराठीतून घ्याव्यात.

कळावे,
एक वापरकर्ता