विहिरीच्या खर्चात जिवाची किंमत धरा

रब्बीची पेरणी उरकली की गावोगाव विहिरींची कामे निघतात. मुरूम टिकाव-फावड्याने निघतो, पण काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय गती नाही. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर भोके मारायची, जिलेटिनच्या कांड्या भरायच्या, बार उडवायचा आणि यारीने दगड वर काढायचा. किती परसावर पाणी लागले याची चर्चा पारावर होते. तळाशी उतरलेल्या माणसाची होत नाही.

नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी ९ कामगार गेले, त्यांत ६ बाया होत्या. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी ८ जण गेले. या बातम्या देशभर छापून आल्या. कारखान्याला निदान फाटक असते, हजेरीपट असतो, तपासणी करणारे खाते असते. विहिरीच्या तळाशी यातले काहीच नसते.

पहिला धोका न उडालेल्या बाराचा. किती बार भरले आणि किती उडाले, हे मोजलेच पाहिजे. वातीचा बार उडाला नाही तर निदान अर्धा तास कोणी खाली उतरू नये. जुन्या भोकाच्या बुडात नवे भोक मारू नये, तिथे स्फोटक उरलेले असू शकते. बार ठासायला लाकडी काठीच हवी, लोखंडी पहार नव्हे. विजेच्या डिटोनेटरवर केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून बंदी घातली आहे. बॅटरी आणि वायर घेऊन कोणी बांधावर आला तर त्याला परत पाठवा.

दुसरा धोका धुराचा. बार उडाल्यावर विषारी वायू विहिरीत साचून राहतो. कंदील सोडून पाहण्यावर विसंबू नका: कार्बन मोनॉक्साइडमध्ये कंदील जळत राहतो आणि माणूस पडतो. तांबूस धूर छातीत गेला तर त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. रात्री दम लागला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. तिसरा धोका दगडाच्या भुकटीचा. तो वर्षानुवर्षे फुफ्फुसात बसतो. भोक मारताना पाणी सोडले तर भुकटी बरीच कमी होते.

आता प्रश्न जबाबदारीचा. शेत मालकाचे, काम ठेकेदाराचे, माणसे मुकादमाची आणि मेला तो कोणाचाच नाही, असा आजवरचा हिशेब आहे. कायद्याला तो मान्य नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने स्फोटके वापरून केलेले खोदकाम धोक्याच्या कामांत धरले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. सुरुंग उडवणाऱ्याकडे परवाना असावा, हे २००८ चे स्फोटक नियम सांगतात. पण कागदच नसेल तर मेलेल्याची बायको कोणाच्या दारात उभी राहणार?

भावांनो, शेतमालाच्या उत्पादनखर्चात घरच्या माणसाचीही मजुरी धरा, असे आम्ही सरकारला वर्षानुवर्षे सांगत आलो. तोच हिशेब विहिरीला लावला पाहिजे. परवानाधारक माणसाची मजुरी, विमा, शिरस्त्राण, कमरेचा दोर आणि धूर निघेपर्यंत थांबलेल्या वेळेचा रोज, हा सगळा विहिरीचा खर्चच आहे. तो वगळून जी विहीर स्वस्तात पडते, ती दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर स्वस्त पडते. तळाशी उतरणारा पुष्कळदा आपल्याच शिवारातला कोरडवाहू शेतकरी असतो.

जिल्हा बैठकीत दोन ठराव व्हावेत, अशी आमची सूचना आहे. एक, अनुदानाच्या विहिरीच्या अंदाजपत्रकात सुरक्षेचा खर्च वेगळा दाखवून सरकारने तो द्यावा. दोन, ठेकेदाराचे नाव, परवाना क्रमांक, मजुरांची नावे आणि विमा यांचा लेखी कागद झाल्याशिवाय गावात कोणी बार उडवू देऊ नये. पहिल्यासाठी सरकारशी भांडावे लागेल. दुसरा मात्र बैठकीतून घरी गेल्यावर उद्यापासून पाळता येईल.