हातांनाही विसावा हवा

मैत्रिणींनो, "बसूनच तर काम करते, मग हात का भरून येतात?" असं आमच्या अंबरनाथ पश्चिमेला बऱ्याच जणी विचारतात. शेजारच्या उल्हासनगरात जीन्स शिवल्या जातात. त्यांचे लोंबते धागे कापायचं काम बायका घरी करतात. पैसे नगावर, म्हणून हात थांबवायला मन धजत नाही. वर पोळ्या, धुणं आहेच. माझ्यासारखीला वह्याही तपासायच्या असतात!

हात दुखायला ओझंच उचलावं लागतं असं नाही. तीच ती हालचाल न थांबता केली, तरी स्नायू आवळलेले राहतात आणि शिणतात. इटलीतल्या रामाझिनी या वैद्यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीत दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या दुखऱ्या हातांचाही विचार आहे.

तेव्हा कळ येण्याची वाट पाहू नका. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं काम बाजूला ठेवा. मूठ सैल मिटा, बोटं पूर्ण उघडा, असं दहा वेळा करा. मग हात समोर सरळ धरून दुसऱ्या हाताने बोटं हळूच खाली, नंतर वर ओढून पंधरा सेकंद थांबा. दुखलं तर लगेच सोडा. कात्रीला धार लावून घ्या. बोथट कात्रीला जोर जास्त लागतो. काम करताना मनगट शक्यतो सरळ असू द्या. जाड चादरी पिळत बसू नका, दांडीवर निथळू द्या. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवले की बरं वाटतं. सूज असेल तर मात्र फडक्यात बर्फ घेऊन शेका.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, मुंग्यांनी जाग येऊन हात झटकावा लागतो, असं असेल तर तेल चोळत बसू नका. मनगटातली नस दाबली गेलेली असू शकते. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉइडच्या विकारातही असं होतं. वेळीच गेलात तर डॉक्टर बहुधा आधी रात्री मनगटाला बांधायचा पट्टा देतात. वर्षानुवर्षं अंगावर काढलंत तर अंगठ्याखालचा मांसल भाग झिजतो, सुई धरणंही जड जातं. गेलेली ताकद पुरती परत येईलच असं नाही.

धागे कापायला बसताना समोर घड्याळ ठेवा, आणि जमलं तर शेजारणीलाही सोबत बसवा. "अगं, आता हात खाली ठेव," असं म्हणणारं कुणीतरी हवंच ना!