विजय कोणाच्या खात्यावर?

शंभर फुटी रस्त्यावरची झगमगती दुकाने, सीएमएच रस्त्यावर डोक्यावरून धावणारी मेट्रो आणि आतल्या गल्ल्यांत झाडांच्या सावलीत अजून तग धरून असलेली जुनी घरे, असे बंगळूरच्या इंदिरानगराचे आजचे रूप आहे. एप्रिल २०२१ मध्ये या वस्तीचे नाव अचानक देशभर सर्वांच्या तोंडी झाले. क्रेडिट कार्डांची बिले भरण्याची सोय देणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत राहुल द्रविड वाहतुकीच्या कोंडीत अडकतात, संतापतात, शेजारच्या गाडीचा आरसा बॅटने फोडतात आणि शेवटी गाडीच्या छतातून वर येऊन आपण इंदिरानगरचे गुंड असल्याची गर्जना करतात. सारा देश हसला. हसू येण्याचे कारण उघड होते. ज्यांनी सोळा वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत मैदानावर क्वचितच आवाज चढवला, त्यांच्या तोंडी ती गर्जना होती.

मात्र त्या विनोदात एक गृहीतकही दडलेले होते. जिंकणारा माणूस म्हणजे गर्जना करणारा माणूस, असे ते गृहीतक. विजिगीषू वृत्तीवर व्याख्याने देणारे प्रशिक्षक, नेतृत्वगुणांवरील पुस्तके आणि दूरचित्रवाणीवरील क्रीडाचर्चा यांनी हा समज बराच घट्ट केला आहे. आक्रमक देहबोली, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे आणि ‘मी जिंकणारच’ हा घोष म्हणजे नेतृत्व, असे मानले जाते. द्रविड यांची कारकीर्द या समजाला दिलेले शांत उत्तर आहे. जिंकण्याची इच्छा आवाजाच्या उंचीवर मोजता येत नाही. संघाच्या गरजेसाठी माणूस स्वतःचे काय काय बाजूला ठेवतो, यावरून ती ओळखू येते.

एका मराठी घरातून

द्रविड यांचा जन्म ११ जानेवारी १९७३ रोजी इंदूरच्या मराठी कुटुंबात झाला आणि ते वाढले बंगळुरात. वडील जॅम बनवणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीत नोकरीला, आई वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गावात कन्नड, असा तिहेरी संस्कार त्यांच्यावर झाला. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव मराठी माणसाला तसे परके नाही. सेंट जोसेफ शाळेत शिकलेल्या आणि सेंट जोसेफ वाणिज्य महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या या तरुणाला जमा आणि खर्च या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही, हे पुस्तकातूनही कळले असणार. पुढे त्यांनी ते मैदानावर आचरून दाखवले.

एक पाऊल मागे

मार्च २००१. बँकांमध्ये वर्षअखेरीची धांदल सुरू असताना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत पराभवाच्या छायेत होता. सलग सोळा कसोटी सामने जिंकून आलेल्या ऑस्ट्रेलियाने ४४५ धावा केल्या होत्या. भारत १७१ धावांत गारद झाला आणि त्याच्यावर फॉलोऑनची नामुष्की ओढवली. दुसऱ्या डावात संघव्यवस्थापनाने तिसऱ्या क्रमांकावर व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांना पाठवले आणि ती जागा आपली म्हणून सांभाळणारे द्रविड सहाव्या क्रमांकावर गेले.

कोणत्याही कार्यालयात असा बदल झाला, तर संबंधिताच्या मनात काय उमटेल याची कल्पना सहज करता येते. द्रविड यांनी त्याचे उत्तर खेळपट्टीवर दिले. १४ मार्चचा संपूर्ण दिवस लक्ष्मण आणि द्रविड यांनी एकही बळी न गमावता खेळून काढला आणि त्या दिवसात ३३५ धावांची भर पडली. लक्ष्मण यांनी २८१, द्रविड यांनी १८० धावा केल्या. दोघांची भागीदारी ३७६ धावांची झाली आणि भारताने तो सामना १७१ धावांनी जिंकला. फॉलोऑननंतर कसोटी जिंकण्याची ती इतिहासातील केवळ तिसरी वेळ होती. लोकांच्या स्मरणात २८१ हा आकडा अधिक ठळक राहिला आणि ते योग्यच आहे. पण आपली जागा दुसऱ्याला मिळाल्यावर त्याच दुसऱ्याच्या साथीला दिवसभर उन्हात उभे राहणे, ही विजिगीषा नव्हे तर काय?

हा प्रसंग अपवाद नव्हता. एकदिवसीय संघात एक जादा फलंदाज बसावा म्हणून द्रविड यांनी यष्टिरक्षकाचे हातमोजे चढवले आणि २००३ मध्ये भारत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. जानेवारी २००६ मध्ये लाहोरला संघाची घडी बसावी म्हणून कर्णधार असतानाही ते सलामीला गेले आणि वीरेंद्र सेहवाग यांच्यासह त्यांनी ४१० धावांची सलामी दिली.

साथ देणाऱ्याची नोंद

साथीचे मोल कसे मोजावे, याचा एक नमुना दूरच्या एका खेळात सापडतो. आपल्याकडे आइस हॉकी लडाखच्या गोठलेल्या तलावांवर खेळली जाते, पण तिचे मोठे व्यावसायिक रूप अमेरिका आणि कॅनडातील नॅशनल हॉकी लीगमध्ये दिसते. तेथे गोल करणाऱ्या खेळाडूच्या नावे एक गुण जमा होतो आणि त्या गोलाआधी चकती पुढे सरकवून देणाऱ्या, जास्तीत जास्त दोन, सहकाऱ्यांच्या नावेही प्रत्येकी तेवढाच गुण जमा होतो. कॅनडाचे वेन ग्रेट्झ्की १९९९ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा लीगच्या नियमित हंगामांत त्यांचे ८९४ गोल होते. हा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये रशियाच्या अलेक्झांडर ओवेचकिन यांनी मोडला. मात्र ग्रेट्झ्की यांनी इतरांना गोल करून देण्यात १,९६३ वेळा हातभार लावला होता. त्यांचे स्वतःचे सगळे गोल वजा केले, तरी उरणारे गुण लीगमधील अन्य कोणत्याही खेळाडूच्या एकूण गुणांपेक्षा अधिक भरतात.

क्रिकेटच्या धावफलकात असा रकाना नाही. द्रविड यांच्या १६४ कसोटी सामन्यांतील १३,२८८ धावा सर्वांना ठाऊक असतात. त्यांनी ८८ शतकी भागीदाऱ्यांत दुसरे टोक सांभाळले, हे मुद्दाम सांगावे लागते. गोलंदाजाच्या खात्यावर बळी जमा करणारे त्यांचे २१० झेल हा दीर्घकाळ जागतिक विक्रम होता. इंग्लंडच्या जो रूट यांनी तो २०२५ मध्ये मागे टाकला.

नेतृत्वाची खर्चाची बाजू

कर्णधार द्रविड यांच्यावर आक्षेपही घेतले जातात आणि ते विचारात घेतल्याशिवाय हा हिशेब प्रामाणिक ठरणार नाही. मार्च २००४ मध्ये मुलतानला ते हंगामी कर्णधार होते. सचिन तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद असताना त्यांनी डाव घोषित केला. भारताने सामना एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. पाकिस्तानच्या भूमीवरील तो भारताचा पहिला कसोटी विजय होता. तरीही तेंडुलकर दुखावले गेले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ती नाराजी नोंदवली आणि मैत्रीला तडा गेला नाही, हेही नमूद केले. कोणाच्याही द्विशतकापेक्षा सामना मोठा, हे त्या निर्णयामागील तत्त्व बरोबर होते. पण बरोबर निर्णयही ज्याला त्याची झळ बसणार आहे त्याला वेळीच आणि स्पष्टपणे सांगावा लागतो. मितभाषी नेत्याने विशेष जपावे असे हे ठिकाण आहे.

दुसरा आक्षेप ऑगस्ट २००७ चा. ओव्हलवर ३१९ धावांची आघाडी असूनही त्यांनी इंग्लंडला फॉलोऑन दिला नाही. सामना अनिर्णित राहिला आणि टीकाकारांनी त्यांच्या विजिगीषेवरच बोट ठेवले. मालिका मात्र भारताने १-० अशी जिंकली, इंग्लंडमध्ये तब्बल २१ वर्षांनी. हातात आलेला विजय जपणे हा भित्रेपणा, की विश्वस्ताचे कर्तव्य? याबाबत मतभेद राहतीलच. परंतु दुसऱ्याच्या ठेवी सांभाळणाऱ्या व्यवसायातील माणसांना त्या सावधपणामागचा विचार समजायला हरकत नाही.

त्याआधीच, मार्च २००७ मध्ये, वेस्ट इंडिजमधील विश्वचषकात भारत बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता. आदल्या वर्षी त्याच बेटांवर ३५ वर्षांनी मिळवलेला कसोटी मालिकाविजय आणि दक्षिण आफ्रिकेतील पहिला कसोटी विजय त्या एका पराभवात वाहून गेला. सप्टेंबरमध्ये द्रविड यांनी कर्णधारपद सोडले, पण संघ सोडला नाही. आधी सौरव गांगुली यांच्या हाताखाली खेळलेला हा माणूस नंतर अनिल कुंबळे आणि महेंद्रसिंग धोनी यांच्या नेतृत्वाखाली तेवढ्याच निष्ठेने खेळला. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये भारत ४-० असा हरला, त्या मालिकेत वयाच्या ३८ व्या वर्षी द्रविड यांनी तीन शतके झळकावली. सामना हातचा गेला म्हणून स्वतःचे काम उणे करायचे नसते, हे त्या तीन शतकांनी सांगितले.

सारखा वाटा

निवृत्तीनंतर ते १९ वर्षांखालील मुलांचे आणि भारत ‘अ’ संघाचे प्रशिक्षक झाले. दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येक खेळाडूला सामना खेळायला मिळावा, असा त्यांचा आग्रह असे. राखीव बाकावर बसून परतण्याचे दुःख मुलांच्या वाट्याला येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. २०१८ मध्ये त्यांच्या मुलांनी न्यूझीलंडमध्ये विश्वचषक जिंकला. क्रिकेट मंडळाने मुख्य प्रशिक्षकाला ५० लाख आणि अन्य सहायकांना २० लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. परिश्रम सर्वांचे असताना ही तफावत का, असा प्रश्न द्रविड यांनी उपस्थित केला आणि अखेर सर्वांना प्रत्येकी २५ लाख रुपये मिळाले. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वाट्याचे २५ लाख कमी झाले. आदल्याच वर्षी बंगळूर विद्यापीठाने देऊ केलेली मानद डॉक्टरेटही त्यांनी नम्रपणे नाकारली होती. अशी पदवी संशोधन करूनच मिळवावी, अशी त्यांची भूमिका होती. न कमावलेले आपल्या खात्यावर जमा होऊ द्यायचे नाही आणि इतरांचे कमावलेले त्यांच्या खात्यावर जमा झाल्याशिवाय राहू द्यायचे नाही, असा हा दुहेरी नेम आहे.

काउंटरच्या दोन्ही बाजूंना

खेळाडूची ही कहाणी बँकेच्या दारापर्यंत येऊन थांबत नाही. शाखेतही दर मार्चला एक सामना रंगतो. ठेवींचे, कर्जांचे, विमा पॉलिसींचे लक्ष्य ठरलेले असते आणि ते गाठणाऱ्याचा सत्कार होतो. यात गैर काही नाही, कारण लक्ष्याशिवाय संस्था चालत नाही. परंतु ‘काहीही करून जिंकायचे’ ही वृत्ती शिरली, की मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला आलेल्या पेन्शनर आजोबांच्या गळ्यात दहा वर्षांची पॉलिसी पडते. त्या महिन्याच्या तक्त्यात शाखा जिंकते. काही वर्षांनी आजोबांना औषधपाण्यासाठी पैसे हवे असतात आणि ते अडकलेले असतात, तेव्हा त्या विजयाची किंमत कळते. गमावलेला विश्वास कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

उलट बाजूही आहे. कर्ज मंजूर झाले की सही करणाऱ्याचे नाव होते. कागदपत्रांतील उणीव वेळीच दाखवून खाते बुडीत होण्यापासून वाचवणाऱ्या लिपिकाचे नाव कोठेच येत नाही, कारण न बुडालेल्या कर्जाची बातमी होत नाही. आइस हॉकीने साथ देणाऱ्यासाठी रकाना आखला. तसा रकाना शाखाधिकाऱ्याने निदान मनात तरी आखायला हवा आणि महिनाअखेरच्या बैठकीत ती नावे मोठ्याने घ्यायला हवीत. ग्राहकांनाही यात वाटा उचलता येईल. तक्रारीसाठी लेखणी उचलली जाते, तशी ती चांगल्या कामासाठी उचलली, तर पडद्यामागच्या माणसाचे नाव वरपर्यंत पोहोचते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये द्रविड यांच्या प्रशिक्षणाखालील भारतीय संघ सलग दहा सामने जिंकून अहमदाबादच्या अंतिम सामन्यात हरला. पुढच्या वर्षी, २९ जून २०२४ रोजी, बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून याच प्रशिक्षकाच्या संघाने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला. सतरा वर्षांपूर्वी ज्या वेस्ट इंडिजमधून कर्णधार द्रविड मान खाली घालून परतले होते, तेथेच हे घडले. विजयानंतर खेळाडूंचा जल्लोष सुरू असताना ते एका बाजूला होते. विराट कोहली यांनी चषक त्यांच्या हाती दिला, तेव्हा मात्र तो उंचावून ते मोठ्याने ओरडले. तीन वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतील गर्जना अभिनय होती. ही खरी होती. इतरांचे सर्व हिशेब चुकते केल्यावर, अगदी शेवटी, त्यांनी ती आपल्या खात्यावर घेतली.