सरकारी प्रवास आणि लोकांचा पैसा

विद्यार्थिमित्रांनो, शाळेची सहल निघते तेव्हां तुम्ही घरून वर्गणी आणतां, आणि सहल संपल्यावर तिचा हिशेब मागण्याचा हक्क तुमच्या पालकांस असतो. सरकारी खजिना ही अशीच, परंतु फार मोठी वर्गणी होय. साबणाची वडी विकत घेणारा मजूरही कराच्या रूपानें तींत भर घालीत असतो. त्या पैशानें प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्यानें हिशेब देणें हें त्याचें कर्तव्यच आहे.

या कर्तव्याचा विसर पडला म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतील एका प्रसंगावरून दिसेल. ‘जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ हें तेथील खातें सरकारी इमारती व खरेदी यांची व्यवस्था पाहतें; म्हणजे इतर खात्यांस काटकसर शिकविण्याचें काम त्याचेंच. ऑक्टोबर २०१० मध्यें याच खात्यानें लास व्हेगसजवळ सुमारें ३०० नोकरांची परिषद भरविली. तिला ८,२२,००० डॉलरांहून अधिक खर्च आला. पूर्वतयारीच्या आठ बैठकींच्या नुसत्या प्रवासासच १,००,००० डॉलरांवर रक्कम लागली! एप्रिल २०१२ मध्यें तपासणीचा अहवाल बाहेर येतांच खात्याच्या प्रमुख मार्था जॉन्सन यांनीं राजीनामा दिला.

पुढच्याच महिन्यांत सरकारनें सर्व खात्यांस हुकूम सोडला. २०१३ च्या आर्थिक वर्षीं प्रवासखर्च २०१० च्या मानानें शेंकडा ३० नें कमी करावा. १,००,००० डॉलरांवरील परिषदेस वरिष्ठांची मंजुरी घ्यावी. ५,००,००० डॉलरांवरील परिषद खातेप्रमुखाच्या खास परवानगीवांचून भरवूं नये. आणि मोठ्या परिषदांचा खर्च दरवर्षीं लोकांपुढें मांडावा.

यांतील शेवटचें कलम मला सर्वांत मोलाचें वाटतें. सरसकट कात्री लावणें सोपें असतें, पण ती चैन व गरज यांत भेद करीत नाहीं. संरक्षण व ऊर्जा या खात्यांच्या कांहीं प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांची परिषदांतील हजेरी या निर्बंधांनंतर घटली, व मंजुरीचे निर्णयही वेळेवर होईनात, असें तेथील सरकारी हिशेबतपासनिसांस २०१५ सालीं आढळून आलें. उधळ्याच्या अपराधाची शिक्षा अभ्यासकास भोगावी लागली.

उघड हिशेबाचा दुसरा लाभ असा कीं, त्यानें निरपराध्याचेंही रक्षण होतें. २०११ सालीं अमेरिकेच्या न्यायखात्यानें एका परिषदेंत एकेका मफिनला, म्हणजे लहानशा केकला, १६ डॉलर मोजले, असें तपासणी अहवालांत आलें व मोठा गवगवा झाला. पुढें अहवाल दुरुस्त करण्यांत आला. त्या किमतींत पेयें, फळें इत्यादींचाही समावेश होता!

आपल्याकडेही ऑक्टोबर २०१४ मध्यें केंद्र सरकारच्या अर्थखात्यानें पंचतारांकित हॉटेलांत बैठकी व परिषदा भरविण्यास मनाई केली. अशा मनाईचें स्वागतच केलें पाहिजे. तथापि, कोण गेला, कशासाठीं गेला, किती खर्च झाला व काम काय झालें, हें प्रत्येक खात्यानें आपण होऊन प्रसिद्ध केल्यास मनाईचे प्रसंग कमी येतील.

पालकहो, आपलीं मुलें उद्यां कचेऱ्यांतून बसतील. स्नेहसंमेलनाच्या जमाखर्चाची वही त्यांच्या हातीं द्या, आणि पैन्‌पैचा हिशेब त्यांच्याकडून मागून घ्या. ही संवय बालपणींच लागावी, हें बरें.